वॉलरसच्या चिठ्ठ्या

१९१९ साली ऑक्सफर्डच्या ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका जुन्या इमारतीत सत्तावीस वर्षांचा एक माणूस रोज येऊन बसायचा आणि ‘वॉलरस’ (लांब सुळ्यांचा समुद्री प्राणी) हा शब्द इंग्रजीत आला कुठून ते शोधायचा. पहिल्या महायुद्धातल्या सोमच्या लढाईतून ट्रेंच फीवर घेऊन परतलेला, शाळेपासूनच्या तीन जिवलग मित्रांपैकी दोघं तिकडेच गमावलेला, घरी बायको आणि लहान मूल. इंग्रजीचा थोरला ऑक्सफर्ड कोश तेव्हा ‘डब्ल्यू’पाशी पोचला होता आणि हेन्री ब्रॅडली या संपादकांच्या हाताखाली याला नोकरी लागली होती. वॉलनट, वॉलरस, वॉम्पम असले शब्द त्याच्या वाट्याला आले. वॉलरसने त्याला फार छळलं. शब्द डचमधून आला हे दिसत होतं, पण त्याच्या मागे काय? जुन्या नॉर्समध्ये, म्हणजे स्कँडिनेव्हियाच्या जुन्या भाषेत, ‘ह्रोस्सह्वाल्र’ असा शब्द आहे, म्हणजे घोडा-देवमासा. त्यातली पदं उलटून ‘देवमासा-घोडा’ झाला असेल का? एक चिठ्ठी लिहायची, ती पटेना म्हणून दुसरी. त्या चिठ्ठ्या अजून जपून ठेवलेल्या आहेत. छापील कोशात त्यातून उतरल्या मोजक्या ओळी.

हा जॉन रोनाल्ड रूएल टॉल्किन, पुढे ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिणारा. कोशाच्या त्या दिवसांबद्दल पुढे त्यानेच म्हणून ठेवलंय की आयुष्यातल्या तेवढ्याच लांबीच्या दुसऱ्या कुठल्याही काळात आपण इतकं शिकलो नाही.

आज टॉल्किन म्हटलं की वॉलरस कुणाला आठवत नाही. आठवते ती अंगठी, टोकदार कानांचे एल्फ, न्यूझीलंडचे डोंगर, २००४ साली एकाच सिनेमाला मिळालेली अकरा ऑस्कर, आणि २०१७ मध्ये अमेझॉनने मालिकेच्या हक्कांसाठी मोजलेले सुमारे पंचवीस कोटी डॉलर. ‘टॉल्किनचा वारसा’ असं म्हणताना बहुतेकांच्या डोक्यात ही यादी असते. माझा आक्षेप या यादीला नाही. सिनेमे मीही पाहिलेत, आणि दोनदा रडलेय. माझा आक्षेप आहे तो या यादीचा भाषेच्या अभ्यासासाठी साक्षीदार म्हणून जो वापर होतो त्याला.

माझा धंदा मुद्रितशोधनाचा. एम.ए. मराठी केलं तेव्हा व्युत्पत्ती आणि जुनी मराठी हे विषय मी हौसेने घेतले. वर्गात आम्ही चौघं होतो, पुढच्या वर्षी दोघंच आले, मग तो पेपर ‘ऐच्छिक’ झाला आणि ऐच्छिक झालेल्या गोष्टींचं होतं ते त्याचं झालं. नातेवाइकांचा प्रश्न एकच असायचा: ‘याला स्कोप काय?’ विद्यापीठांतही आता हाच प्रश्न विचारला जातो, फक्त तिथे तो तक्त्यात भरून मागतात. आणि असा प्रश्न आला की भाषेच्या बाजूने हमखास दोन वकील उभे राहतात. पहिला म्हणतो, बघा, जुन्या भाषांचा एक प्राध्यापक होता, त्याच्या कल्पनेवर आज अब्जावधींचा उद्योग चाललाय, तेव्हा भाषेला स्कोप नाही असं म्हणू नका. दुसरा वकील अभिमानाचा. तो म्हणतो, भाषेचा अभ्यास करायचा तो आपण किती थोर आणि किती प्राचीन हे जगाला दाखवायला. दोघंही आपल्याच अशिलाचा खटला बुडवतात, असं माझं मत आहे. आणि तसं वाटायला टॉल्किनचं आयुष्य हाच सगळ्यात चांगला पुरावा आहे.

त्याचा जन्म १८९२ चा, दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लूमफाँटेनचा. वडील बँकेत. तो चार वर्षांचा असताना ते गेले. आईने दोन मुलांना घेऊन इंग्लंडात बर्मिंगहॅमजवळच्या सेअरहोल गावात संसार मांडला, लॅटिन स्वतः शिकवलं, आणि १९०४ मध्ये मधुमेहाने तीही गेली. मुलाचा सांभाळ एका कॅथलिक पाद्र्याने केला. पोरक्या मुलांना कशाचा ना कशाचा तरी नाद लागतो. याला शब्दांचा लागला. कोळशाच्या वाघिणींवर वेल्श गावांची नावं रंगवलेली असत. ती त्याला वाचता येत नसत, पण ती पाहून त्याच्या जिवाला काहीतरी व्हायचं. शाळेतल्या एका मित्राने चुकून विकत घेतलेलं गॉथिक या लोप पावलेल्या जर्मानिक भाषेचं एक प्राथमिक पुस्तक त्याच्या हाती लागलं, आणि गॉथिकच्या जितक्या शब्दांची नोंद काळाने ठेवली नव्हती, ते तो स्वतःच बनवू लागला.

ते पुस्तक लिहिणारा जोसेफ राइट. माझ्या मते या गोष्टीचा खरा नायक हाच, त्यामुळे त्याच्यापाशी जरा थांबते. यॉर्कशरमधल्या गरीब घरातला हा पोरगा सहाव्या वर्षी गाढवगाडी हाकायला लागला, मग कापडगिरणीत बॉबिना बदलायला. पंधरा वर्षांचा होईपर्यंत त्याला अक्षरओळख नव्हती. ती झाल्यावर मात्र थांबला नाही. फ्रेंच, जर्मन, लॅटिन शिकला. शिल्लक टाकलेल्या पैशांवर जर्मनीला निघाला आणि अँटवर्पपासून हायडेलबर्गपर्यंत पायी गेला. तिथे डॉक्टरेट मिळवली. पुढे ऑक्सफर्डला तुलनात्मक भाषाशास्त्राच्या त्या खुर्चीवर बसला, जिच्यावर आधी मॅक्स म्युलर बसायचे. तेच म्युलर, ज्यांनी आपल्या ऋग्वेदाच्या मुखपृष्ठावर स्वतःला संस्कृतात ‘मोक्षमूलर’ आणि ऑक्सफर्डला ‘गोतीर्थ’ करून टाकलं होतं. (ऑक्स म्हणजे बैल, फोर्ड म्हणजे नदीचा उतार. भाषांतर अगदी चोख. शब्दांच्या माणसांचे विनोद हे असे.) राइटने इंग्लंडच्या खेड्यापाड्यांतल्या बोलींचा सहा खंडांचा कोश काढला. गिरणीत ज्या बोलीत त्याने शिव्या खाल्ल्या, तिची त्याने नोंद केली. १९११ मध्ये ऑक्सफर्डला आलेला टॉल्किन याच राइटच्या हाताखाली शिकला.

या राइटने आपल्या विद्यार्थ्याला दिलेला एक सल्ला टॉल्किनने पुढे एका व्याख्यानात सांगितला: ‘पोरा, केल्टिक भाषा धर, त्यात पैसा आहे.’ केल्टिक भाषांत पैसा! स्कोपचा प्रश्न तेव्हाही होताच, आणि उत्तरंही तेव्हा आताइतकीच ठाम आणि आताइतकीच निराधार होती.

टॉल्किनच्या कथाविश्वाचा उगम कुठे, हे विचारलं तर लोक युद्ध म्हणतात, धर्म म्हणतात, इंग्लंडची हिरवी कुरणं म्हणतात. त्यात तथ्य आहेच. पण तो स्वतः सांगायचा की भाषा आधी, गोष्टी नंतर. भाषांना राहायला जग हवं म्हणून गोष्टी रचल्या. हे ऐकायला तऱ्हेवाईकपणा वाटतो, म्हणून एकच शब्द जवळून पाहू. हजार वर्षांपूर्वीच्या एका अँग्लो-सॅक्सन, म्हणजे जुन्या इंग्रजीतल्या, धार्मिक कवितेत ओळ आहे: ‘एआला एआरेंडेल, एंग्ला बेओर्हतास्त’. हे एआरेंडेला, देवदूतांतल्या सर्वांत तेजस्व्या, मिद्दनयार्दावर माणसांसाठी धाडलेल्या. मिद्दनयार्द म्हणजे मधली भूमी, स्वर्ग आणि पाताळ यांच्या मधली आपली ही पृथ्वी. एआरेंडेल म्हणजे काय, याचं नक्की उत्तर नाही. कुणी तारा म्हणतं, कुणी पहाट. पंडित अशा ठिकाणी तळटीप देतो आणि पुढे जातो. टॉल्किनला पुढे जाता येईना. १९१४ च्या सप्टेंबरात त्याने या नावावर कविता लिहिली: आकाशात जहाज हाकणारा एक नाविक. मग प्रश्न आला, हा नाविक कोण, कुठल्या भाषेत त्याचं हे नाव, ती भाषा बोलणारे कोण? पुढची साठ वर्षं तो त्या प्रश्नांची उत्तरं लिहीत होता. ‘मिडल-अर्थ’ हे अख्ख्या जगाला पाठ झालेलं नावही त्याच ओळीतल्या मिद्दनयार्दाचं. त्याने ते बनवलेलं नाही, नुसतं झटकून उजेडात आणलं.

‘एंट’ म्हणजे त्याच्या कादंबरीतली चालती झाडं. जुन्या इंग्रजीत ‘एंट’ म्हणजे राक्षस. रोमनांनी बांधून टाकून दिलेल्या दगडी इमारती पाहून सॅक्सन कवी म्हणतो, ‘एआल्द एंता येवेओर्क’, राक्षसांनी बांधलेली ही जुनी कामं. आपल्याकडे जुनं हेमाडपंती देऊळ दिसलं की खेड्यातला माणूस सांगतो, पांडवांनी एका रात्रीत बांधलं. तीच भावना. ‘ऑर्क’, म्हणजे कादंबरीतले दुष्ट सैनिक, हा शब्द बेओवुल्फ या जुन्या इंग्रजी वीरकाव्यातल्या एका शब्दातून आला. अंगठी वाहणाऱ्या फ्रोडोच्या सोबत शेवटपर्यंत चालणारा माळी सॅम, त्याचं पूर्ण नाव सॅमवाइज. जुन्या इंग्रजीत ‘सामवीस’ म्हणजे अर्धवट शहाणा. त्याचा बाप हॅमफास्ट, म्हणजे घर न सोडणारा, घरकोंबडा. गंमत अशी की वाचकाला यातलं काही कळावं लागत नाही. तरी हॉबिटांची, म्हणजे फ्रोडो-सॅमसारख्या चिमुकल्या माणसांची नावं, घोडेस्वारांची नावं, एल्फांची नावं वेगवेगळ्या मुलखांतून आली आहेत हे त्याच्या कानाला समजतं. नकाशा खरा वाटतो तो याच्यामुळे. टॉल्किनची नक्कल करणाऱ्या शेकडो कादंबऱ्यांत नकाशा असतो, तलवार असते, नावात एखादी ऱ्हस्व-दीर्घ गाठ मारलेली असते, आणि सगळी नावं एकाच मिक्सरमधून काढल्यासारखी लागतात.

एस्परांतोसारख्या बनवलेल्या भाषा मेल्या, जुन्या मृत भाषांहूनही जास्त मेल्या, कारण त्यांच्या कर्त्यांनी त्यांच्यासाठी दंतकथा रचल्या नाहीत, असं त्याने एका पत्रात लिहिलंय. एस्परांतोवाल्यांना हे पटणार नाही, आणि ती भाषा बोलणारे आजही आहेत हेही खरं. पण म्हणणं कळतं. शब्दाला आठवण लागते.

आता कमाईच्या वकिलाकडे वळू. त्याचा युक्तिवाद वरवर भक्कम आहे, कारण आकडे खरे आहेत. पण आकडे काढायचेच तर सगळे काढू. टॉल्किन १९२५ पासून १९५९ पर्यंत ऑक्सफर्डला प्राध्यापक होता, आधी अँग्लो-सॅक्सनचा, मग इंग्रजी भाषा-साहित्याचा. आजच्या कुठल्याही मूल्यमापन समितीसमोर त्याची फाइल ठेवली तर काय दिसेल? १९२५ मध्ये ई. व्ही. गॉर्डनबरोबर केलेली ‘सर गवेन’ या मध्ययुगीन काव्याची उत्तम आवृत्ती. जॉर्ज गॉर्डन या दुसऱ्याच गॉर्डनबरोबर हाती घेतलेलं चॉसरचं संपादन, कधीच पुरं न झालेलं. ‘पर्ल’ या काव्याची आवृत्ती, जी शेवटी ई. व्ही. गॉर्डनच्या पत्नीने तडीला नेली. ‘अँक्रेन विस्स’ या मध्ययुगीन ग्रंथाचं संपादन तीसच्या दशकात कबूल केलं, ते छापलं गेलं १९६२ साली, निवृत्तीनंतर. मधली वर्षं हा गृहस्थ काय करत होता? सहकारी हेच विचारत होते आणि त्यातले काही रागाने विचारत होते. परीकथा लिहिण्यात सरकारी वेळ घालवला, असं त्यांना वाटत असेल तर त्यांना मी दोष देणार नाही. माझ्या मुद्रितांची तारीख कुणी पंचवीस वर्षं चुकवली असती तर मी काय म्हटलं असतं ते मला ठाऊक आहे.

तरी दुसरी बाजूही त्याच फाइलमध्ये आहे. वर्षाला निदान छत्तीस व्याख्यानं द्यावीत असा त्या खुर्चीचा नियम होता. टॉल्किनने दुसऱ्याच वर्षी एकशे छत्तीस दिली, कारण छत्तीसांत विषय मावत नव्हता. चार मुलांचा खर्च भागवायला उन्हाळ्यात शाळेच्या परीक्षांचे पेपर तपासायचा. कंटाळवाणं हमालकाम. अशाच एका उन्हाळ्यात कुणा विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत एक पान कोरं सोडलं होतं, आणि त्या पानावर टॉल्किनने लिहिलं की जमिनीतल्या एका बिळात एक हॉबिट राहत होता. हॉबिट म्हणजे काय ते त्यालाही माहीत नव्हतं. आधी नाव, मग शोध, ही त्याची नेहमीची रीत. ‘द हॉबिट’ १९३७ च्या सप्टेंबरात निघालं, पहिली आवृत्ती दीड हजार प्रतींची. प्रकाशकाच्या दहा वर्षांच्या मुलाने एक शिलिंग घेऊन हस्तलिखितावर अभिप्राय दिला होता. जगातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत फायद्याचा वाचक-अहवाल तोच असावा. त्याच वर्षाअखेर पुढची कादंबरी, ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’, सुरू झाली आणि १९५४-५५ मध्ये तीन भागांत छापून आली. तीन भाग कलेसाठी नव्हेत. युद्धानंतर कागद महाग होता, आणि एवढा ठोकळा एकदम काढायला प्रकाशक धजेना.

या हिशेबात ‘भाषा शिका, कमाई होईल’ कुठे बसतं? ज्या वर्गांत टॉल्किन शिकला आणि शिकवला त्यातून शेकडो मुलं गेली. एक टॉल्किन निघाला. त्याच्या नावावर विभाग चालवा म्हणणं म्हणजे एकाला लॉटरी लागली म्हणून तिकिटाला गुंतवणूक म्हणण्यासारखं. आणि वाईट म्हणजे त्या युक्तिवादात राइट बसत नाही, ब्रॅडली बसत नाही, गॉर्डन तर नाहीच. वॉलरसच्या चिठ्ठीचे पैसे कधीच वसूल होत नाहीत. ती चिठ्ठी लिहिणाऱ्याला पगार द्यायचा तो एवढ्यासाठी की कुणीतरी, कधीतरी, एखादा शब्द उचलून पाहील तेव्हा त्याच्या खाली काही सापडावं.

१९३६ च्या नोव्हेंबरात त्याने ब्रिटिश अकादमीत बेओवुल्फवर व्याख्यान दिलं. तोवर पंडित त्या काव्याकडे इतिहासाची खाण म्हणून पाहत, आणि राक्षस आडवे येतात म्हणून हळहळत. टॉल्किनने एक दृष्टान्त दिला. एका माणसाला जुन्या वाड्याचे दगड वारशाने मिळाले. त्याने त्यांचा मनोरा बांधला. मित्र आले, दगड जुने आहेत हे ओळखलं, आणि खाली काय कोरलंय ते बघायला मनोराच पाडला. मग म्हणाले, काय हा पसारा! पण त्या माणसाला मनोऱ्याच्या माथ्यावरून समुद्र दिसत होता. हा दृष्टान्त पंडितांच्या विरोधात आहे असं समजून तो फार वापरला जातो. मला तसा तो वाटत नाही. बोलणारा स्वतः दगड ओळखणाऱ्यांतला पहिल्या रांगेचा माणूस होता. दगड ओळखूनही मनोरा उभा ठेवता येतो, एवढंच तो सांगत होता.

इथे एक धंद्यातली गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. ‘फेलोशिप’, म्हणजे त्या कादंबरीचा पहिला भाग, छापताना छापखान्यातल्या शोधकाने टॉल्किनचं ‘ड्वार्व्ह्ज’ (खुजे लोक) बदलून ‘ड्वार्फ्स’ केलं, ‘एल्व्हन’चं ‘एल्फिन’ केलं. कोशाप्रमाणे तो बरोबर होता. लेखक चिडला आणि सगळं परत फिरवून घेतलं. वर त्याने स्वतःच कबूल केलंय की खरं ऐतिहासिक अनेकवचन हवं तर ते ‘ड्वॅरोज’ असायला हवं होतं. माझी सहानुभूती, नाइलाजाने, त्या शोधकाच्या बाजूला आहे. समोरचा माणूस कोशातच काम करून आलाय, हे त्या बिचाऱ्याला कुणी सांगितलं होतं?

आता दुसरा वकील, अभिमानाचा. त्याच्याशी मला जास्त भांडायचंय, कारण तो आपल्या घरात राहतो.

१९३८ मध्ये ‘द हॉबिट’चं जर्मन भाषांतर काढू पाहणाऱ्या पॉट्सडॅमच्या प्रकाशकाने टॉल्किनला विचारलं, आपण आर्यवंशीय आहात ना? नाझी कायद्याला ते लागत होतं. टॉल्किनने आपल्या प्रकाशकाकडे दोन मसुदे पाठवले. त्यातल्या शिल्लक राहिलेल्या मसुद्यात तो लिहितो की ‘आर्य’ म्हणजे तुम्हाला काय अभिप्रेत आहे ते मला कळलं नाही. मी आर्य नाही. आर्य म्हणजे इंडो-इराणी, आणि माझ्या माहितीप्रमाणे माझ्या कुठल्याही पूर्वजाने हिंदुस्तानी, फारसी, जिप्सी किंवा त्यांच्याशी नातं असलेली बोली बोललेली नाही. आणि मी ज्यू आहे का असं विचारायचं असेल, तर त्या गुणी लोकांमध्ये माझे कुणी पूर्वज नाहीत याचा मला खेद वाटतो. भाषाशास्त्राचं याहून नेमकं सार्वजनिक काम मला माहीत नाही. ज्या शब्दाची मिरवणूक काढली जात होती, त्याला त्याने हाताला धरून कोशात नेऊन बसवलं.

हे लिहिणाऱ्याचं सारं आयुष्य जर्मानिक भाषांच्या प्रेमात गेलं होतं. उत्तरेच्या सागा, म्हणजे जुन्या वीरकथा, वाचायला त्याने ऑक्सफर्डमध्ये मंडळ काढलं होतं. १९४१ मध्ये मुलाला लिहिलेल्या पत्रात त्याने हिटलरवर आपला खासगी राग असल्याचं सांगितलंय: ज्या उत्तरेच्या वृत्तीवर आपण प्रेम केलं, जी खऱ्या उजेडात दाखवायचा प्रयत्न केला, ती त्या अडाणी माणसाने नासवली. जवळून ओळख असलेल्यालाच असा राग येतो. अभिमान मिरवणाऱ्याला येत नाही, कारण त्याला शब्दाशी कर्तव्यच नसतं, त्याला झेंडा हवा असतो.

टॉल्किन निर्दोष होता असं मात्र नाही. त्याच्या जगात वाईट माणसं बरीचशी पूर्वेकडून आणि दक्षिणेकडून येतात, काळीसावळी असतात, हे आपल्यासारख्या वाचकाला टोचतं, आणि टोचायला हवं. ‘त्या काळी सगळेच तसे’ या सबबीने मला समाधान होत नाही. पण ज्याने वर्णद्वेष्ट्यांना कोश फेकून मारला त्याच माणसाच्या कल्पनेत या रेघा राहून गेल्या, हेही वारशातच मोडतं. वारसा उचलायचा तर कर्जासकट.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला. पेढे वाटले गेले, मलाही मिळाला. त्यानंतर जी भाषणं ऐकली त्यात आकडे होते: इतकी शतकं, इतकी वर्षं. जुन्या मराठीचं एक वाक्य म्हणून दाखवणारा वक्ता मला तरी भेटला नाही. पुण्यात डेक्कन कॉलेजात संस्कृतच्या महाकोशाचं काम १९४८ मध्ये डॉ. कत्रे यांनी सुरू केलं. तिथे जवळपास एक कोटी चिठ्ठ्या आहेत, आणि इतके खंड निघूनही कोश अजून पहिल्या अक्षरात, ‘अ’मध्ये आहे. हे सांगितलं की लोक हसतात. ऑक्सफर्डच्या कोशालाही दहा वर्षं लागतील असा अंदाज होता. पहिला भाग १८८४ मध्ये निघाला आणि शेवटचा १९२८ मध्ये. हसणाऱ्यांना मी एवढंच सांगते की वॉलरस असल्याच एका रखडलेल्या कोशातला.

टॉल्किनचा कागदोपत्री वारसदार त्याचा मुलगा ख्रिस्तोफर. तोही ऑक्सफर्डला जुन्या भाषा शिकवायचा. बाप १९७३ मध्ये गेला. दोन वर्षांनी मुलाने नोकरी सोडली आणि बापाने मागे ठेवलेल्या कागदांच्या ढिगाऱ्यासमोर बसला. पेन्सिलीच्या मजकुरावर शाईचा मजकूर, एकाच पात्राची पाच नावं, परीक्षेच्या कागदांच्या पाठीवर लिहिलेली प्रकरणं. मध्ययुगीन पोथी जशी पाठभेदांसकट संपादित करतात, तसे त्याने ते कागद लावले. १९७७ मध्ये ‘द सिल्मरिलियन’, १९८३ ते १९९६ या काळात कथाविश्वाच्या घडणीचे बारा खंड, आणि शेवटचं पुस्तक २०१८ मध्ये, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी. सिनेमांबद्दल त्याला विचारलं तर तो कडू बोलायचा. बाप आपल्याच लोकप्रियतेच्या पोटात गेला, असं त्याचं म्हणणं होतं. ते मला जरा कडक वाटतं. पण पंचेचाळीस वर्षं बापाचं अक्षर लावणाऱ्याला तेवढा हक्क आहे.

मराठीत ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा अनुवाद झालेला आहे. तो हातात घेतल्यापासून एक किडा माझ्या डोक्यात वळवळतोय. परिशिष्टात टॉल्किनने एक सोंग घेतलंय: हे पुस्तक मुळात ‘वेस्ट्रॉन’ नावाच्या भाषेत होतं, मी फक्त इंग्रजीत आणलं. फ्रोडोचं खरं नाव फ्रोडो नव्हेच, ते ‘माउरा’. सॅमचं ‘बनाझीर’. हॉबिटांची बोली आजच्या इंग्रजीत उतरवली, आणि रोहनचे घोडेस्वार तिचं जुनं रूप बोलतात म्हणून त्यांच्यासाठी जुनी इंग्रजी वापरली. त्यांच्या राजाचं नाव थेओडन, म्हणजे जुन्या इंग्रजीत नुसतंच ‘राजा’. हे सोंग मराठीत इमानाने पुढे न्यायचं तर हॉबिट आजची मराठी बोलतील, आणि रोहनच्या स्वारांना लीळाचरित्राची मराठी बोलावी लागेल. माळी सॅम ‘अहो मालक’ म्हणेल, आणि समोरचा राजा ‘म्हणितलें’, ‘जी जी’, ‘ऐसें’ अशा वळणाने उत्तर देईल. मराठी वाचकाला अर्थ पुरता लागणार नाही, पण हे आपलेच कुणी जुने नातलग आहेत असं वाटेल. इंग्रजी वाचकाला हेच वाटतं.

मी एक ओळ करून पाहिली. रोहनच्या लोकांचं घोड्यावरचं गाणं ज्या अँग्लो-सॅक्सन कवितेवर बेतलंय, तीच ती राक्षसांच्या जुन्या कामांची कविता. तिच्यात एकटा पडलेला भटक्या विचारतो: ‘ह्वॅर क्वोम मेआर्ख? ह्वॅर क्वोम मागो?’ घोडा कुठे गेला, तो तरुण कुठे गेला. मी लिहिलं:

‘कें गेला तो वारू? कें गेला तो राउतु?’

‘राउतु’ मागोला नेमका नाही. मागो म्हणजे तरुण, घरचा पोरगा, राउत झाला स्वार. आणि ‘कें’ इथे चालेल की ‘केउता’ हवं? तुळपुळे-फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश काढलाय. एका प्रकाशकाची मुद्रितं तीन दिवसांपासून टेबलावर पडून आहेत, त्यांचा फोनही येऊन गेला. ‘मागो’साठी अजून शब्द सापडलेला नाही.